मीठ बघ गं

मोठ्या भाऊजींच्या डब्याला मी झाकण लावतच होते, तेवढ्यात उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधून पुतण्याचा फोन आला. "काकी, डबा नको आणू आता..." एवढंच तो बोलला. दोन दिवसांत घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तर त्या दिवशी मी भाजीला लसणाची फोडणी दिली होती. आज या गोष्टीला दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कारखान्यातली माणसं उठून उठून भाऊजींबद्दल चांगलं बोलली आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. पण त्यांच्याबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, ती ताई आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. ताई म्हणजे भाऊजींच्या पत्नी, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवर होते आणि घर बदलापूरला, कात्रपमध्ये. मे महिन्यात एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमायचो. गावाहून सासूबाई यायच्या (आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो), नणंदा, भाचरं, सगळी मिळून तीसेक माणसं. बेत ठरलेला, कोळंबी आणि चिंबोऱ्या. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी म्हणे ऐन दुपारी लाइट गेले, मिक्सर बंद पडला आणि ताई तीस जणांचं वाटण पाट्यावर वाटायला बसल्या. वाटता वाटता घेरी येऊन तिथेच आडव्या झाल्या. बाहेर पुरुषमंडळींचे पत्ते रंगले होते. भाऊजी हातातली पानं टाकून उठले, ताईंना पाणी पाजलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ आठ तास भट्टीपाशी मी उभा असतो. गरम म्हणजे काय ते मला विचारा. पुढच्या मेपासून या घरातली एक पण बाई चुलीपुढे बसणार नाय." पुरुष असं बोलतात खूप, पण पुढचा मे येतो तेव्हा विसरतात. भाऊजी उल्हासनगरला जाऊन एक भलामोठा टोप घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "शादी है क्या साईं?" भाऊजी म्हणाले, "नहीं साईं, घरवाली की छुट्टी है."

मग दरवर्षी बिल्डिंगच्या गच्चीवर, उन्हं कलली की शेगडी पेटायची. वाटण नाही, फोडणी नाही, सगळा मामला एकाच टोपात. पाण्यात हळद, मीठ, ठेचलेल्या मिरच्या, लसणाचे अख्खे गड्डे आणि मूठभर आमसुलं. आधी बटाटे आणि कणसांचे तुकडे, ते अर्धे शिजले की चिंबोऱ्या, आणि पानं मांडून झाल्यावर, अगदी शेवटी कोळंबी. घड्याळात बघून चार मिनिटं, पाचवं नाही. मग पाणी निथळून सगळं केळीच्या पानांवर ओतायचं आणि ज्याने त्याने हाताने फोडून खायचं. आम्ही बायका चटईवर पाय पसरून बसलेल्या आणि भाऊजी तोंडाला ओला रुमाल बांधून टोपापाशी उभे. पोरं त्यांना डाकू म्हणायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच मेमध्ये त्यांनी मला हाक मारली, "सुनंदा, इकडे ये. मीठ बघ गं." नव्या सुनेला एवढा मान! मी फुगले. जेवताना कौतुकाने एक मोठी नांगी त्यांच्यापुढे धरली, तर ते हसून दुसरीकडे वळले. मला राग आला. तेव्हा ताईंनी मला जिन्यात नेऊन सांगितलं, "त्यांना चालत नाय गं ते. मागे एकदा घसा सुजून श्वास अडकला, डॉक्टरने सरळ सांगितलं, परत खाल्लं तर जीवावर बेतेल. वाफेनेपण त्रास होतो, म्हणून तो रुमाल. पण कुणाला बोलू नको. आत्यांना कळलं तर त्या टोपाला हात लावू द्यायच्या नायत, आणि पोरं वर्षभर वाट बघतात." वाढणारा मागाहून जेवतो म्हणत भाऊजी शेवटपर्यंत उभे राहायचे, आणि सगळे सुस्तावले की खाली घरी जाऊन वरणभात खाऊन यायचे. एवढ्या माणसांत एकाच्याही लक्षात येऊ नये, याची मला आजही लाज वाटते.

आणि अशा माणसाशी मी खोटं बोलले. दोन हजार पाच की सहा सालची गोष्ट. मला सर्दीने जाम केलं होतं, तोंडाला कसलीच चव नव्हती. पण "मीठ बघ गं" ऐकलं आणि तो मान सोडवेना. मी म्हटलं, कमी आहे. त्यांनी मूठभर टाकलं. अजून कमी आहे... आणखी एक मूठ. मग उगाच जाणकारासारखी मान हलवून म्हटलं, आता बरोबर. पानं वाढली आणि पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. "अरे, अख्खी खाडी ओतलीस की काय?" सासूबाई कडाडल्या. भाऊजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "माझाच हात जड पडला, आई."

"स्वतः चाखायला काय झालं होतं तुला? घे, खा. कळू दे तुला पण." सासूबाईंनी सोललेली कोळंबी त्यांच्या तोंडाशी धरली. आई भरवतेय, तीस माणसं बघतायत. ताईंचा चेहरा पांढराफटक. भाऊजींनी रुमाल खाली ओढला... आणि मी ओरडले, "आत्या, थांबा! चाखलं मी होतं. मला सर्दी आहे, चवच कळत नव्हती. मी खोटं बोलले." सासूबाईंचा हात मागे आला आणि मला रडू फुटलं. आता आपल्याला पुन्हा कुणी टोपापाशी उभं करणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

भाऊजींनी सगळी पानं परत टोपात रिकामी केली, वर नवं पाणी ओतलं, चार बटाटे चिरून टाकले. पाणी उकळल्यावर माझ्याकडे आले, खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "घे वाफ." मी टोपावर वाकून फुरफुर करत वाफ घेतेय, नाक वाहतंय, पोरं खिदळतायत आणि तीस माणसं भुकेली बसलीत. चांगली पाच मिनिटं त्यांनी मला तिथून हलू दिलं नाही. मग सगळ्यांदेखत पळी पुढे केली, "हां, आता मीठ बघ." कोळंबीचं पार रबर झालं होतं, पण मीठ बरोबर होतं. त्यानंतर एकाही मेमध्ये त्यांनी ती पळी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. आता हे सांगायला हरकत नाही.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये बसले होते. भाऊजी छताकडे बघत पडले होते, एकदम म्हणाले, "सुनंदा, कसं लागतं गं ते?"

"काय?"

"आपल्या टोपातलं."

इतकी वर्षं मी त्यांना बरोबर, नाहीतर कमी, एवढंच सांगत आले होते. ज्या माणसाने आम्हाला पोटभर खाऊ घातलं त्याला ते कसं लागतं हे सांगावं, असं मला कधी सुचलंच नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगत गेले. नांगीतलं मांस गोडसर असतं, ते ओढलं की अख्खं बाहेर येतं. कोळंबीला आमसुलाची आंबट चव लागते. लसणाची पाकळी दाबली की लोण्यासारखी पानावर येते आणि पोरं त्यावरून भांडतात. ते डोळे मिटून ऐकत होते.

"आणि बटाटे?"

"बटाटे काय भाऊजी, तुम्हाला माहीतच आहेत की."

"त्या पाण्यातले नाय ना माहीत."

"ते सगळ्यात भारी. चिंबोरी संपली तरी चालते, पण बटाटे संपले की सगळे हळहळतात."

भाऊजींनी डोळे उघडले. "मग जमत होतं म्हणायचं," ते म्हणाले.