निरोपानंतरचा मुक्काम

पत्नी गेल्यापासून भेटायला येणारे लोक तिच्या आजारपणाविषयी विचारतात. मी थोडक्यात सांगतो. ते गेल्यावर टेबलाशी येऊन बसतो, तेव्हा मात्र आजारपण आठवत नाही. आठवतो तो श्रूजबरीतल्या आमच्या घराचा रिकामा हॉल आणि त्यात गालिच्यावर मांडी घालून बसलेली, हसून हसून पदराने डोळे पुसणारी ती. तेच आधी लिहावं असं वाटलं. मी सावकाश लिहितो. एका बैठकीत अर्धं पान झालं तरी पुष्कळ.

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात आम्ही नऊ वर्षं राहिलो. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेलो आणि ती माझ्याबरोबर आली. लग्नाआधी ती साताऱ्यात मुलींच्या एका शाळेत गणित शिकवत असे. अमेरिकेत तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. मी नोकरदार आणि ती माझ्यावर अवलंबून, असं सरकारी कागदावर स्वच्छ छापलेलं होतं. त्याची तिने थट्टा करून टाकली होती. रविवारी सकाळी मी पुस्तकात डोकं घालून बसलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, ही अवलंबून बाई चहा टाकतेय, हवाय का?"

शनिवारी आसपासच्या मराठी घरांतली मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती अपूर्णांक शिकायला यायची. ती मराठीत विचारायची, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि दोन्हीकडून काम चालायचं. तिला ते आवडत होतं, पण टेबल म्हणजे वर्ग नव्हे. तिला फळा हवा होता, खडू हवा होता, मागच्या बाकांवर खुसखुसणाऱ्या मुली हव्या होत्या.

दोन हजार आठ साल उजाडलं आणि साताऱ्याहून तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. गणिताच्या एक बाई निवृत्त होत होत्या. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी हजर होणार असलीस तर जागा तुझी, असं त्या म्हणाल्या. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिचा चेहरा पुरला. माझ्या कंपनीचं पुण्यात ऑफिस होतं, मुक्काम साताऱ्यात ठेवायचं ठरवून तिथे बदली मागितली. घर विकायला काढलं. गिऱ्हाईकही लगेच मिळालं आणि मार्चअखेरीला निघायचं ठरलं.

मग निरोप सुरू झाले. आमच्याकडची रीत अशी की परत जाणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक घराने जेवायला बोलवायचं. सुटका नाही. श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी, पुन्हा श्रीखंड. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. एकदा गाडीत तिने विचारलं, "आर वी गोइंग टू इंडिया, ऑर आर वी जस्ट ईटिंग?"

शेवटी तिथल्या मराठी मंडळाचा समारंभ झाला. मला शाल आणि नारळ मिळाला. एका काकांनी आमच्यावर स्वतः रचलेली कविता वाचली. ती लांब होती आणि तिच्यात सातारा या शब्दाला जमतील तेवढी यमकं होती. बायकांनी हिची ओटी भरली. सगळ्यांनी डोळे पुसले, फोटो काढले आणि आमचं सामान वाटून घेतलं. म्हणजे आम्हीच दिलं. नागपूरच्या एक काकू मुलाकडे राहात होत्या, त्यांनी कुकर आणि कढया नेल्या. पुण्याचं एक नवं जोडपं नुकतंच तिथे राहायला आलं होतं, त्यांनी मिक्सर, पोळपाट-लाटणं आणि गाद्या नेल्या. सोफा, टेबल, दिवे, सगळं गेलं. उरल्या चार बॅगा, स्लीपिंग बॅगा आणि पुस्तकांची खोकी.

दोनच दिवसांनी घरविक्रीच्या एजंट बाईंचा फोन आला. गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज द्यायला नकार दिला होता. त्या वर्षी तिकडे घरांची कर्जं अशीच ऐन वेळी अडकत होती. घर विकल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं, कारण पुण्याच्या पगारात अमेरिकेतला हप्ता बसणारा नव्हता. विमानाची तिकिटं रद्द केली. माझ्या साहेबांना आनंद झाला, त्यांनी मला आणखी काही महिने ठेवून घेतलं. मुलगी पुन्हा शाळेत गेली तेव्हा तिच्या वर्गातल्या मुलांनी निरोपाचं कार्ड परत मागितलं म्हणे.

आम्हाला भीती होती ती मराठी लोकांची.

"ओटी भरून घेतलीय मी," ती म्हणाली. "नारळ घेतलात तुम्ही. आता कुठल्या तोंडाने दुकानात जायचं?"

"नारळ परत करू का?"

"त्याची तुम्ही बर्फी करायला लावलीत आणि खाल्लीत."

म्हणून आम्ही लपून राहू लागलो. गाडी गॅरेजमध्ये घालून दार लावून घ्यायची. किराणा आणायला गावातल्या देशी दुकानात न जाता पार फ्रेमिंगहॅमला जायचं. घरात एक पातेलं, एक तवा आणि कागदी ताटल्या होत्या. एवढ्यावर ती रोज खिचडी करायची आणि आम्ही गालिच्यावर गोल करून जेवायचो. मुलीला ही सहल वाटायची. खरं सांगायचं तर मलाही वाटायची. पण जेवण झालं की ती दिनदर्शिकेकडे बघायची आणि मग माझ्या लक्षात यायचं की सहल चालली आहे, तिचा जून मात्र जवळ येतो आहे.

फ्रेमिंगहॅमच्या दुकानात एकदा ती भेंडी निवडत होती. मागून आवाज आला, "काहून गं पोरी, सातारा इकडे फ्रेमिंगहॅमले आलं का?"

नागपूरच्या काकू. तिकडे मेथी ताजी मिळते म्हणून मुलाला घेऊन आल्या होत्या. हिच्या हातातली भेंडी तशीच राहिली. मी तांदळाच्या पोत्यांमागे सरकलो, पण काकूंनी मलाही पाहिलं. "आणि तुम्ही कायले लपता? इतके उंच आहात, पोत्यामागून डोकं दिसते बाप्पा."

तिने खरं काय ते सांगून टाकलं. घर, बँक, रद्द झालेली तिकिटं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "म्हणजे घरात कुकर नाही?"

त्या संध्याकाळी दाराची घंटा वाजली. काकू कुकर घेऊन उभ्या होत्या आणि तो जड होता. आत गोळाभात होता, बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात, वर फोडणी घातलेला. हिने कुकर घेतला आणि संकोचाने म्हणाली, "काकू, अहो दिलेली वस्तू परत कशी घ्यायची?"

"कुकर तुझाच आहे. गोळाभात माझा आहे. आता भांडं रिकामं कसं आणू? आमच्याकडे तशी पद्धत नाही."

कुणाच्याच घरी नसते. आम्ही सगळे वेगवेगळ्या गावांचे, एकमेकांच्या बोलण्याला हसणारे, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही हे प्रत्येकाच्या आईने त्याला शिकवलेलं होतं. काकूंनी बातमी फिरवली आणि पुढच्या आठवड्यात आमचं सगळं घर परत आलं, भरून. कढई आली ती सांडग्यांच्या भाजीसकट. डबे आले त्यांत शंकरपाळे होते. पुण्याचं जोडपं मिक्सर घेऊन आलं. त्याच्या भांड्यात दाण्याची चटणी होती. मागोमाग तो नवरा डोक्यावर गादी घेऊन हॉलमध्ये शिरला. गादी खाली टाकून त्याने खिशातून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं आणि गादीच्या मधोमध ठेवलं.

"हे काय?" हिने विचारलं.

"वहिनी, रिकामी गादी कशी आणू यार?"

तेव्हा ती तिथेच गालिच्यावर बसली आणि हसत राहिली. सुरुवातीला लिहिलं ते हेच. काकूही हसत होत्या, मुलगी गादीवर उड्या मारत वेफर्स खात होती, आणि यमकांचे काका दिवा हातात धरून प्लग कुठे आहे ते शोधत होते. त्या रात्रीपर्यंत हॉलमध्ये इतकी माणसं जमली की बसायला गालिचाही पुरेना. नऊ वर्षांत त्या घरात इतका आवाज मी ऐकला नव्हता.

एप्रिल गेला. आता आम्ही उजळ माथ्याने गावातल्या दुकानात जाऊ लागलो. शनिवारची मुलं पुन्हा टेबलाभोवती आली, कारण टेबलही आलं होतं. घर बघायला मात्र कुणी येईना. एका सकाळी ती चहा घेऊन माझ्यापुढे बसली.

"अहो, ही माणसं फार चांगली आहेत."

"आहेतच."

"आपल्याला पुन्हा इथे बसवतायत. काल पडदे आले. मला आनंद झाला आणि मग भीती वाटली. आणखी एक महिना असाच गेला ना, तर मी जाणार नाही. मीच म्हणेन, राहू दे."

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "वेळापत्रक करायला घेतलंय. नववीचं गणित तुझ्या नावावर टाकू, की दुसरं कुणी बघू? स्पष्ट सांग, मला राग येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या नावावर टाका, बाई. मी येते."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी बोलून बसले."

"बरं केलंस," मी म्हणालो. "तुम्ही दोघी पुढे व्हा. घराचं काय व्हायचं ते होईल, मी निस्तरून येतो."

"एकटे राहाल?"

"एकटा कुठला? इथे भांडी परत करायला माणसं येतात."

मंडळात चर्चा झालीच. नवऱ्याला मागे ठेवून बायको नोकरीसाठी जाते म्हणजे काय, असं कुणीतरी म्हणालं. नागपूरच्या काकूंनी तिथल्या तिथे मिटवलं. "नऊ वर्षं ती याच्यामागे राहिली नं? आता हा राहीन चार महिने. काय बिघडते?" मात्र पुन्हा ओटी भरायला त्यांनी साफ नकार दिला. "एकदा भरली, तेवढी पुरे. या खेपेले नुसतीच जा. नाहीतर परत भाजी घ्यायले येशील."

जूनच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टनच्या विमानतळावर मी दोघींना सोडलं. मुलगी रडली, ही नाही रडली. तिकडे फळा मिळेलच, पण पहिल्या दिवशी कुणाकडे मागायला नको म्हणून पर्समध्ये रंगीत खडूंची पेटी तिने ठेवली होती. सुरक्षा तपासणीत ती पेटी उघडून बघितली गेली. काचेपलीकडे ती त्या अधिकाऱ्याला हातवारे करून काहीतरी समजावत होती आणि तो मान डोलावत होता. बहुधा अपूर्णांक असावेत.

शाळा उघडली त्या दिवशी तिचा फोन आला. मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "घसा बसलाय, पाय दुखतायत, आणि एका मुलीने मला विचारलं की बाई तुम्ही नव्या का? मी म्हटलं, नाही गं, मी जुनीच आहे."  

उन्हाळ्याच्या शेवटी पुण्याच्या त्याच जोडप्याने घर भाड्याने घेतलं. भाड्यात हप्ता जवळजवळ निघत होता. मी पुस्तकं बोटीने पाठवली आणि ऑक्टोबरात निघालो. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीचं तिकीट मिळालं होतं. ते मी तिला कळवलं नाही. मुंबईहून टॅक्सीने साताऱ्याला पोचलो तो दुपार झाली होती आणि घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, दोघी शाळेत. मग तीच टॅक्सी शाळेकडे वळवली.

शाळेच्या व्हरांड्यात दोन मोठ्या बॅगा घेऊन मी उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. इतका मोठा आवाज तिने माझ्यासमोर कधी काढला नव्हता. खिडकीतून दिसलं, ती फळ्यावर त्रिकोण काढत होती, साडीला खडू लागला होता आणि मागच्या बाकावर दोन मुली खुसखुसत होत्या. ती न वळता म्हणाली, "शेवटचा बाक, तो विनोद आम्हालाही सांगा." सगळा वर्ग हसला. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. तिने मला पाहिलं. खडूचा हात तसाच वर राहिला, चेहरा लाल झाला. तिने त्याच हाताने मला थांबायची खूण केली आणि पुन्हा फळ्याकडे वळली.

तेवढ्यात शिपाई आला. त्याने बॅगांकडे संशयाने पाहिलं.

"कोण हवंय?"

"या वर्गावरच्या बाई."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मिस्टर. अमेरिकेहून आलोय."

त्याच्यावर अमेरिकेचा काही परिणाम झाला नाही. त्याने कोपऱ्यातला बाक दाखवला. "मग बसा. तास चालू असताना बाई कुणाला भेटत नाहीत."

मी बसलो. आत त्रिकोण पुरा होत होता.