निळ्या स्विचचा आवाज

“अंदाज नको. परत ऐक.”

आमच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ताईंचं हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. अंबरनाथ पूर्वेला आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे. परदेशातले डॉक्टर रुग्णांबद्दल बोलून ठेवतात आणि आम्ही हेडफोन लावून ते टाइप करतो. टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल असतं. दाबलं की रेकॉर्डिंग मागे जातं. एखादा शब्द नीट लागला नाही आणि मी तो दडपून दिला, की ताईंना शेजारी बसून कसं कोण जाणे कळायचंच. “अंदाजाने कोणी औषध देतं का गं? परत ऐक.”

तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल. डब्यातली भाजी आधी दुसऱ्याच्या झाकणात वाढणारी, आणि काम चुकलं की त्याच माणसाची सालटी काढणारी. मला त्यांची भीती वाटायची आणि त्या रजेवर असल्या की करमायचं नाही.

ताईंची बोटं दुखायला लागली, तेव्हा साहेबांनी कुरकुरत नवे मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायला होकार दिला. अट एकच: खडखडणारा नको. निवडायचं काम ताईंचं, सोबतीला मी.

उल्हासनगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाचं काचेचं दार लोटलं आणि बाजाराचा गलबला बाहेर राहिला. सिंधी दुकानदाराने एक छोटी पट्टी पुढे ठेवली. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली असतात ते स्विच तिच्यावर वेगवेगळ्या रंगांत बसवलेले होते, दाबून बघण्यासाठी. “देखो मॅडम, रेड एकदम मख्खन. ब्राउनमध्ये बोटाला थोडा झटका लागतो. और ब्लू...” तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाजूला गेला.

ताईंनी वांगी दाबून बघावीत तसे एकेक स्विच दाबायला सुरुवात केली. “हा लाल नुसताच बुडतो. ब्राउन ठीक.” मग निळा. एकदा, दोनदा, आणि त्यांचा चेहरा खुलला. “हा बघ! बोटाला बरोबर सांगतो, दाबला म्हणून. आणि आवाज म्हणशील तर काहीच नाही. हाच घेऊ.”

मी हसले. मला वाटलं, ताई थट्टा करतायत. तो निळा स्विच इतका कडकडत होता की फोनवर बोलता बोलता दुकानदाराने वळून पाहिलं होतं.

ताई हसत नव्हत्या.

“काय झालं?”

“ताई, हा तर सगळ्यात जास्त वाजतो.”

त्यांनी पुन्हा दाबला. पट्टीशी कान नेऊन दाबला. “आत्ता वाजला?”

“हो.”

“आणि आत्ता?”

“हो, ताई.”

त्या स्टुलावर बसल्या, पाठ माझ्याकडे केली. “तू दाब. वाजला की मी हात वर करते.”

मी दाबला. हात मांडीवरच राहिला. मी परत दाबला, जोरात दाबला. दुकानदाराने फोन खाली ठेवला आणि तो आमच्याकडे बघत राहिला.

“दाब ना गं,” ताई म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले.

त्या वळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. शांतपणे पर्स उघडत त्यांनी दुकानदाराला सांगितलं, “ऑफिससाठी लाल पाठवा. ह्या निळ्याचा एक कीबोर्ड मला घरी द्या.”

रिक्षात मीच बडबडत होते. कानात मळ असेल, डॉक्टरांना दाखवू, ऑफिसात एवढ्यात कशाला बोलायचं. ताईंच्या नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून त्यांचं कात्रपचं घर त्यांच्याच पगारावर चालत होतं, हे मला माहीत होतं.

“आणि पाठवलेल्या फायली?” त्यांनी एवढंच विचारलं.

ऑफिसात शिरल्यावर त्या थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. “मला बोलणं ऐकू येतं, पण बारीक, टोकदार आवाज येत नाहीत. कधीपासून, ते माहीत नाही. माझ्या फायली कोणीतरी परत ऐका.”

साहेब गडबडले. “अहो ताई, तुमची तर तक्रारच येत नाही!”

“सवयीने जुळवत असणार मी,” ताई म्हणाल्या. “त्यालाच अंदाज म्हणतात.”

आम्ही ऐकायला बसलो. मी प्रत्येक फाईल देवाचं नाव घेत उघडत होते. बहुतेक सगळं चोख निघालं. पण चुका सापडल्या, आणि त्यातली एक औषधाच्या मात्रेची होती. साहेबांनी तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला; गोळ्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. ताई तोवर आपल्या खुर्चीत ताठ बसून होत्या. ते ऐकल्यावर त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला, डबा पिशवीत टाकला आणि गेल्या. साहेबांनी बिलांचं काम देऊ केलं होतं, त्या आल्या नाहीत. आता घरीच लोकांचे हस्तलिखित कागद टाइप करून देतात. पैसे कमी मिळतात, असं त्यांची मुलगी म्हणाली.

त्यांच्या टेबलावर नवी मुलगी बसते. तिला मी परत ऐकायला लावते, पण माझ्या तोंडी ते वाक्य शोभत नाही.

परवा ताईंचा आवाजी निरोप आला. आधी नुसतीच खटखट, बराच वेळ. मग त्यांचा आवाज, नेहमीपेक्षा हळू, “काल कानाचं मशीन बसवलं. अगं, केवढा कडकडतो गं हा मेला! शेजारीण भांडायला कशी आली नाही?” आणि मग त्या हसल्या, आणि पुन्हा खटखट सुरू झाली.

मी हेडफोन लावला आणि तो निरोप परत ऐकला.