क्लासात सगळ्यात नवीन अजून मीच

सॉरी, माझं शुद्धलेखन कच्चं हाय, टाईप पन हळू करते. सातवीत शाळा सुटली.

आमच्या जासईत देवळाच्या हॉलमधे नानांचा गान्याचा क्लास हाय. बंदरासाठी सरकारने शेतं घेतली तेव्हा गावातली मानसं संध्याकाळी नुसती बसून असायची, म्हनून नानांनी भजनाची पेटी काढली. फी नाय, परीक्षा नाय. पद्धत एकच, जो सगळ्यात नवीन, त्याने पहिला सा लावायचा. म्हंजे लाजरा पन गातो. मी तशीच चारचौघात तोंड उघडायला शिकले.

पन कधीपासून सा मीच लावते. माझ्यानंतर कोनी आलंच नाय.

आज टॉवरमधली एक मॅडम छोट्या मुलीला घेऊन आली. मी लगेच बाजूला सरकले. मुलगी पेटीसमोर बसली पन.

मॅडम बोलली, "काका, सर्टिफिकेट मिळतं ना?"

नाना हसले. "नाय गो बाय, गानं मिलतं."

"मग काय उपयोग?" आनि मुलीला उठवून घेऊन गेली.

नाना मला बोलले, "चल, लाव तुझाच सा." मी दाराकडेच बघत बसले. त्यांनी पेटी बंद केली. क्लास न घेता त्यांनी पेटी बंद केलेली मी पहिल्यांदा बघितली.

तुमच्याकडे कोनी हाय का, ज्याला नुसतं गायचंय?

थांबा, आई ओरडते. आमची मांजर कपाटात व्याली. घरात तरी माझ्यापेक्षा नवीन कोनी आलं.