यंदा मोठीआईचा फोन आला नाही

दसऱ्याच्या पाहुण्यांना आमच्याकडे आमंत्रण लागत नाही. तुमचं घर नागपुरात आहे ना, मग गावाकडची माणसं दीक्षाभूमीला येणार आणि तुमच्याकडेच उतरणार. नवऱ्याची मोठीआई, म्हणजे त्याच्या थोरल्या काकांची बायको, वर्ध्याकडच्या खेड्यातून दरवर्षी येते. सोबत दोन सुना, नातवंडं आणि शेजारची एक म्हातारी. आठवडाभर आधी तिचा फोन यायचा, "निघून राहिलो वं आम्ही. भात जास्त टाकजो." एवढं बोलून ती फोन ठेवायची. माझं उत्तर तिला नकोच असायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही दोघंही कमावत होतो. मी सदरला एका ऑफिसात होते, नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे. लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं घेतला होता. पहिल्याच दसऱ्याला मोठीआई डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि हातात डाळीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आली, तेव्हा समोरच्या बाई बघत उभ्या होत्या. मला कसंसंच झालं. मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "मोठीआई, पुढच्या वर्षीपासून काही वाहून आणायचं नाही. सगळं मी करेन." आणि केलंही. पुढच्या वर्षी केटररकडून पनीर आलं, जिलेबी आली. मोठीआई जेवली, छान आहे म्हणाली आणि तिन्ही दिवस हात बांधल्यासारखी सोफ्यावर बसून राहिली.

मग माझ्या ऑफिसनं गाशा गुंडाळला. घरात येणारा पैसा निम्म्याहून खाली आला. आम्ही फ्लॅट सोडला आणि एका जुन्या वस्तीत, वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. वॉशिंग मशीन जिन्यातून चढेना, तेव्हा तिथल्या तिथे विकून टाकलं. नवरा मोटारसायकल घरी ठेवून मित्राच्या गाडीवर मागे बसून कामाला जायला लागला. मी घरी चार मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. एक तारखेला आम्ही दोघं हिशेबाला बसायचो आणि दोन तारखेपर्यंत एकमेकांशी बोलायचो नाही.

तरी शिकलो हळूहळू. खालच्या मजल्यावरच्या काकू मला महिन्याच्या सामानाला इतवारीच्या ठोक बाजारात घेऊन जायला लागल्या. तांदळाचा कट्टा, म्हणजे अख्खं पोतंच, घ्यायचा आणि दोन घरांत वाटायचा, हे त्यांनीच शिकवलं. एकदा मी आजारी होते म्हणून नवरा एकटा गेला आणि स्वस्त मिळाली म्हणून तिखटजाळ मिरची पाच किलो घेऊन आला. वर्षभर आमच्या घरात पैशाची नाही तरी तिखटाची चैन होती. रविवारचे बाहेरचे तर्री-पोहे बंद झाले, तेव्हा त्यानं ते घरी करून बघितले. पोहे बरे झाले, तर्री मात्र पितळी भांडं घासायच्या लायकीची.

मजेत चाललं होतं असं मी म्हणणार नाही, पण चाललं होतं. गणपती गेले तशी मला दसऱ्याची धास्ती वाटायला लागली. आठ माणसं, तीन दिवस. माझ्या हिशेबानं आमचं महिन्याचं दूध आणि भाजीपाला तीन दिवसांत संपणार होता.

"काय करायचं?" मी नवऱ्याला विचारलं.

"येतील तं येतील. करू काहीतरी," तो म्हणाला.

पुरुषांचं 'करू काहीतरी' नेहमी बाईच्या स्वयंपाकघरातून जातं. मी भांडले. पण लोकांना येऊ नका म्हणायची हिंमत माझ्यातही नव्हती.

आणि मग फोन आलाच नाही. दसरा चार दिवसांवर आला, तीन दिवसांवर आला. खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. शेवटी नवऱ्यानंच फोन लावला. मोठीआई म्हणाली, "यंदा जमत नाही गा. पाय लय दुखून राहिले. तुम्ही दोघं जाऊन या." फोन ठेवून तो बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याची आई तो कॉलेजात असतानाच गेली. तेव्हापासून दसऱ्याला येणारी ही मोठीआईच त्याचं माहेर, असं मी त्याला चिडवायचे. त्या दिवशी नाही चिडवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी सहज मोबाइल बघत होते. मोठीआईच्या नातवानं स्टेटस ठेवलं होतं. एका शाळेचा व्हरांडा, मागे फळा, फळ्यावर शाळेचं नाव आणि कालचा सुविचार, आणि पुढे मांडी घालून कांदे चिरणारी मोठीआई. पाय अगदी ठणठणीत दिसत होते. दसऱ्याला बाहेरगावच्या लोकांना उतरायला शाळा मोकळ्या करून देतात, त्यातलीच ती एक. आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर.

माझं डोकं फिरलं. महिनाभर ज्यांच्या येण्याला घाबरत होते, ते माझ्याकडे न येता शाळेत उतरले म्हणून मला रडू फुटलं. नवरा म्हणाला, "अवं, तुले तं बरंच झालं ना?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या.

रस्ते बंद होते, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांचा पूर लोटला होता. आम्ही चालतच शाळेत पोचलो. मला बघताच मोठीआईच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"पाय बरे झाले का?" मी विचारलं.

धाकटी सून हसू दाबायला पदर तोंडाशी घेऊन वळली.

"बस वं," मोठीआई म्हणाली. "उन्हातून आली."

"बसाले नाही आली मी. काहून उतरले तुम्ही इथं? माहं घर लहान झालं म्हून?" चिडले की माझ्या तोंडात माहेरची बोली येते.

ती कांदा खाली ठेवून म्हणाली, "घराचं काय घेऊन बसली. तुही नोकरी गेली, मले समजलं होतं. रिकाम्या हातानं आलो असतो तं तुह्यावर भार पडला असता. आन् भरल्या हातानं यावं तं तूच नाही म्हटलं होतं. मंग सांग, कोणत्या तोंडानं येऊ?"

माझ्या पनीर-जिलेबीनं तिच्या येण्याची वाटच बंद करून ठेवली होती.

"तुहा सासरा गिरणीची नोकरी जाऊन घरी बसला, त्या वर्षी आम्ही पंधरा जण उतरलो होतो त्याच्या एका खोलीत," ती म्हणाली. "तांदूळ आमचे, डाळ आमची. तुही सासू फक्त चूल पेटवून ठेवे अन् पाणी भरून ठेवे. तिले नाही भार झाला, आम्हाले नाही झाला."

"मंग माह्या घरी गॅस पेटतो अन् नळाले पाणी बी येते," मी म्हणाले आणि तिचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. तांदळाचं गाठोडं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यानं गंज उचलला, आठ-दहा जणांचा भात शिजेल असं ते मोठं पातेलं. आमची वरात भर रस्त्यातून घरी आली. जिन्यात दोन बाया भेटल्या, त्यांना मी स्वतःहून सांगितलं, "आमचे पाहुणे."

मग काय विचारता. खालच्या काकूंनी चटया आणि पाण्याचं पिंप दिलं. पोरं गच्चीवर झोपली. भात त्यांचा, डाळ त्यांची, वांगी माझी आणि तिखट आमचं तेच पाच किलोतलं. पहिल्या घासाला नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मोठीआई या वेळी सोफ्यावर बसली नाही, कारण सोफाच नव्हता. ती माझ्या ओट्याशी उभी राहून मला डाळीला फोडणी कशी द्यायची ते सांगत होती, आणि मी ऐकत होते. नवरा दारात उभा राहून उगाचच हसत होता. त्या तीन दिवसांत आमच्या खिशाला झळ लागली ती वांग्यांची आणि दुधाची. एवढं भरलेलं घर मला फ्लॅटमध्ये एकदाही मिळालं नव्हतं. या माणसांची मी ऋणी आहे. त्यांनी आणलेल्या डाळ-तांदळासाठी तर आहेच, पण मी मागे लागल्यावर ती उठून आली, याचं मला जास्त वाटतं.

निघायच्या दिवशी सगळं बांधून झालं. गंज मात्र ओट्याखाली तसाच होता. राहिला वाटून मी तो उचलून मोठीआईपुढे ठेवला. तिनं पायानं परत आत सरकवला.

"राहू दे. दरसाल कुठं वाहत बसू?"

"अहो, पण माझ्याकडे जागा कुठे आहे?" मी म्हणाले, कारण खरंच नव्हती.

"कर," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

आता मला पुन्हा काम मिळालंय, पगार पूर्वीपेक्षा कमी. घर तेच आहे. मोठीआईचा गंज माळ्यावर अर्धी जागा अडवून बसलाय आणि वर्षभर मी त्याच्या नावानं कुरकुरते. दसरा आठवड्यावर आला की नवरा तो खाली काढून देतो, मी चिंच लावून घासते आणि ओट्याशी पालथा घालून ठेवते. फोन येतोच, पण मी आता त्याच्यासाठी थांबत नाही.