अकरा सोमवार

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. दुखणं हाडांत उठतं, दोन-तीन दिवस राहतं, जातं. ती छत्तीस वर्षांची आहे. पूर्वी ती या दुखण्याबद्दल समाजमाध्यमावर लिहायची. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे, कुण्या बाबाच्या औषधाची जाहिरात यायची. एका नातेवाइकाने लिहिलं, ‘फोटोत तर चांगली दिसतेस.’ त्यानंतर मीच तिला या आजाराच्या रुग्णांचा एक फोरम शोधून दिला आणि नातेवाईक म्हणून स्वतःही तिथे खातं उघडलं. तिथे चेहरे नाहीत, खरी नावं नाहीत, लाइक नाहीत. हे जास्त निरोगी आहे, असं मी तिला सांगितलं होतं.

फोरमवर एक रीत आहे. दर सोमवारी प्रत्येकाने ‘हाजिर’ लिहायचं. सगळ्यांत मोठी सदस्य किरनापूरची, एकोणपन्नास वर्षांची. तिची हजेरी दिसली की बहीण म्हणायची, “दादा, म्हणजे मले अजून तेरा वर्षं तं आहेतच.”

यंदा हिवाळ्यात मला समाजमाध्यमावर पुण्यानुमोदनाची, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीची, एक जुनी पोस्ट दिसली. गाव किरनापूर. फोटोत खुर्चीवर बसलेली बाई, मांडीवर हिरवी गोधडी, कडेला लाल त्रिकोण. ती गोधडी मी ओळखली. दुखण्याच्या दिवसांत शिवलेली म्हणून तिचा फोटो किरनापूरच्या त्या सदस्येने फोरमवर टाकला होता. मी मृत्यूची तारीख पाहिली आणि फोरमवरच्या तिच्या त्यानंतरच्या हजेऱ्या मोजल्या. अकरा होत्या.

मी बावीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं आहे. पुढच्या सोमवारी बालाघाटहून सकाळच्या बसने किरनापूरला गेलो. चहाच्या टपरीवर फोटो दाखवल्यावर घर सापडलं. दार तिच्या आईने उघडलं. सत्तरीची असावी. तिने माझ्या हातातली वही-पेन पाहिली.

“पेपरवाले काय तुम्ही? काहून आले?”

“पेपर सुटला. माझी बहीण त्या फोरमवर लिहिते.”

“कोणती? बालाघाटची? जिले भेव वाटते ते?”

“हो.”

“मंग तिनंच तं लावलं मले हे काम. बसा.”

भिंतीवर मुलीच्या फोटोला हार होता. आई सांगत गेली. मुलगी गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी तिचा मोबाइल वाजला. माझ्या बहिणीने विचारलं होतं, ताई, तुमची हजेरी नाही, मला भीती वाटते.

“मी लिहून देल्लं, हाजिर. एकच शब्द तं होता. मंग थांबता नाही आलं.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजले होते. चष्मा लावून ती फोटोखाली बसली आणि एका बोटाने टाइप करू लागली. माझ्या खिशातला फोन थरथरला. उघडून पाहिलं, ‘हाजिर. आज बरं आहे.’

“रोज बरं नाही ठेवत तिले,” ती म्हणाली. “मधामधात दुखवतो थोडं. नाहीतं लोकाइले शंका येते.” मग जरा उजळून, “पुढच्या महिन्यात पन्नासची करतो.”

मी निघताना तिने एवढंच म्हटलं, “पोरीले नका सांगू.”

घरी आलो तेव्हा बहीण ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“ताईले आज बरं आहे म्हणते,” ती म्हणाली. “तू कुठं गेलता?”

खात्री झालेली बातमी मी कधी दाबून ठेवली नव्हती. सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

“बाकीच्याइले माहीत आहे?”

“नाही.”

“नको सांगू. तिच्यानंतर मोठी कोण आहे तिथं?”

मी बसमध्ये यादी तपासली होती. “तूच.”

“हौ.” तिने सूप बाजूला ठेवलं. “माझ्यापेक्षा लहान पोरी लई आहेत रे तिथं. कागद आण, माझा पासवर्ड लिहून घे.”

मी कागद आणायला आत गेलो.