भिंगरीनं पळणं सोडलं

तिला सगळं कॉलेज भिंगरी म्हणायचं. एका जागी स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मिशनच्या कॉलेजात आम्ही दोघी व्यायामशास्त्र शिकत होतो आणि होस्टेलच्या एकाच खोलीत राहत होतो. सकाळच्या प्रार्थनेला मी डोळे चोळत चॅपलमध्ये पोचायचे, तेव्हा ही मैदानाला बारा फेऱ्या मारून, तोंड धुऊन मागच्या बाकावर हजर. प्रार्थनेतही तिचा एक पाय हलत असायचा.

हाच विषय का घेतलास, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"माझा दादा पळता पळता गेला," ती म्हणाली. "का गेला, ते कुणी नीट सांगितलंच नाही."

दादा सतरा वर्षांचा होता. शर्यतीच्या सकाळी तो वडिलांना म्हणाला, "बाबा, छातीत कसंतरी होतंय." वडील शिंपी. मुलाचे पळायचे कपडे त्यांनी स्वतः शिवले होते. ते म्हणाले, "शर्यत आली की सगळ्यांनाच होतं. नाटकं पुरेत, पळ." तिसऱ्या वळणावर तो पडला, तो उठलाच नाही. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच लिहिलं होतं. त्या दिवसापासून आईनं वडिलांशी बोलणं टाकलं. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

"म्हणजे अजिबात नाही?"

"माझ्यामार्फत. 'तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय.' आणि बाबा तिथेच, हातभर अंतरावर. मी इकडे आले तेव्हा वाटलं, आता यांचं कसं होणार? तर आई आता भिंतीला सांगते." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

शरीरक्रियेचा विषय सिस्टर शिकवायच्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात क्रॉस आणि शिट्टी एकाच दोरीत. दुसऱ्या वर्षी ट्रेडमिलचं प्रात्यक्षिक आलं. पळताना हृदय कसं चालतं ते यंत्रावर बघायचं होतं. अर्थात भिंगरीच पुढे झाली. पळण्याआधी स्वस्थ पडून एक आलेख काढायचा असतो. सिस्टरनी कागदाची पट्टी पाहिली, चष्मा पुसला, तारा काढून पुन्हा लावल्या. दुसरी पट्टीही बराच वेळ पाहिली.

"आज तू पळायचं नाहीस."

"सिस्टर, वर्गात सगळ्यात जोरात मीच पळते!"

"माहीत आहे, बाळा."

सिस्टर कुणाला बाळा म्हणत नसत.

तीन दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची भिंत नको तितकी जाड आहे. आईवडिलांच्या रक्तातून येणारं दुखणं आहे. पळणं बंद.

"किती दिवस?"

"कायमचं." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

भिंगरीनं माझा हात असा धरला, की नखं रुतली.

त्या दुपारी तिनं सिस्टरना चॅपलच्या पायरीवरच गाठलं. "देवाला हे काढूनच घ्यायचं होतं, तर पळायची हौस दिली कशाला?"

सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही." दुसरं काही सांगितलं असतं, तर भिंगरी तिथून उठून गेली असती.

रविवारी मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिनं आईला पुढे बोलावलं आणि दोघांना एकदमच सांगितलं.

"दादालाही बहुतेक हेच होतं. बाबा, तो तुमच्यामुळे नाही गेला."

वडिलांनी मशिनवरचा पाय काढला. "तो म्हणाला होता, छातीत होतंय," ते म्हणाले. "आणि मी म्हणालो, पळ."

आईवडिलांचीही तपासणी करायची होती. वडिलांचं हृदय ठणठणीत निघालं. आईचं जाड. तिला कधी साधी धापसुद्धा लागली नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला वडील, आणि आम्ही समोर उभ्या. आई फरशीकडे बघत म्हणाली, "माझ्याकडून गेलं."

ती हे वडिलांना म्हणाली होती. मध्ये कुणाला न घालता.

वडील सरकून तिच्याजवळ गेले. "तू काय जाणूनबुजून दिलंस?"

"नऊ वर्षं मी तुम्हाला..."

"असू दे."

"असू दे कसं?" आई ओरडली, आणि मग तिला रडू आवरेना.

भिंगरी वळून जिन्याकडे गेली. मी मागे गेले, तर ती दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. "हे व्हायला दादाला जावं लागलं, मला थांबावं लागलं," ती म्हणाली. "लई महाग पडलं गं."

तिनं कॉलेज सोडलं नाही. फक्त मैदानाकडची खोली बदलून मागितली. आता ती हृदयरोग्यांना हळूहळू चालायला शिकवते. नाडी धरून सोबत चालते. लोकांना ती फार आवडते. धावणाऱ्या मुली दिसल्या की मात्र बोलता बोलता गप्प होते.

आई तपासणीनंतर चार वर्षांनी गेली, दुपारी जरा आडवी झाली असताना, झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा वडील दुकानात गिऱ्हाइकाची पँट उसवत बसले होते.

"चार वर्षं बोललो आम्ही," ते म्हणाले. "त्यातली निम्मी तर भांडण्यातच घालवली."