शनिवारचा साबुदाणा

इंदिरानगरच्या जिममध्ये तो रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. लग्नाआधी दंड फुगवायचे म्हणून त्याने भाकरी, भात, बटाटा असं कार्बवालं सगळं सोडलं होतं. मनगटावरचं घड्याळ वाजलं, की हातातलं वजन खाली ठेवून तो अमिनोच्या गोळ्या गिळायचा. वेळ चुकली तर स्नायू रुसतात म्हणे.

एका शनिवारी घड्याळ वाजलं. त्याने गोळ्या घेतल्या आणि डबा उघडला. आत काठोकाठ साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याच्या फोडी.

"अहो, यात तर नुसते कार्ब!" मी न राहवून म्हणालो.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, मारुतीचा उपास हाय. उपासाचे कार्ब अंगाला नाय लागत."

त्याच्या श्रद्धेत मी पुढे कधी घट पाहिली नाही. पोटाच्या घेरातही नाही.